बालन्यायालयात मानसशास्त्रज्ञ आला कशासाठी

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला तो अपघात झाला तेव्हा जो तो एकच विचारत होता, सतरा वर्षांच्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो का आणि हे ठरवतं कोण. जामीन देताना मुलाला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध तर घराघरात चर्चेचा विषय झाला होता. त्या गदारोळात 'प्राथमिक मूल्यांकन', म्हणजे मुलाला सज्ञान धरायचं का हे ठरवण्याआधीची तपासणी, आणि 'मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट' हे शब्द सारखे कानावर पडत होते. मुलाला सज्ञान धरावं हा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने पुढे जुलै २०२५ मध्ये फेटाळला आणि लोकांची चर्चा तिथे थांबली, पण माझ्या डोक्यातून विषय गेला नाही कारण मी स्वतः काही वर्षं एका निरीक्षणगृहात, म्हणजे आपण ज्याला अजूनही रिमांड होमच म्हणतो तिथे, टेस्टिंगसाठी जात होते. आपल्याला, म्हणजे मानसशास्त्रज्ञांना, तिथे मुळात बोलावलं गेलं कशासाठी, हे शोधत गेलं की कळतं की बोलावलं होतं एका कामाला आणि आज करून घेतात वेगळंच.

सुरुवात शिकागोला होते. जगातलं पहिलं बालन्यायालय तिथे जुलै १८९९ मध्ये सुरू झालं. मुलाला तुरुंगात टाकायचं नाही, सुधारायचं, ही कल्पना. दहा वर्षांत लक्षात आलं की तीच तीच मुलं परत परत समोर येतायत आणि न्यायाधीशाला कळत नाहीये की ह्याचं करायचं काय. मग एथेल स्टर्जेस डमर नावाच्या बाईंनी पाच वर्षांचा खर्च उचलला आणि १९०९ मध्ये कोर्टाच्या जोडीला एक संस्था निघाली, मुलांची तपासणी करायला. प्रमुख होते विल्यम हीली, न्यूरॉलॉजीचे डॉक्टर, आणि टेस्ट घ्यायला ग्रेस फर्नाल्ड ह्या मानसशास्त्रज्ञ. बालन्यायालयासाठी पगारी मानसशास्त्रज्ञ ठेवल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. आणि प्रश्न एकच होता, हे मूल असं का वागतंय. दोषी आहे की नाही हे मानसशास्त्रज्ञाला विचारलंच जात नव्हतं.

आता त्याच काळात न्यू जर्सीमध्ये व्हाइनलँडला, मतिमंद मुलांच्या शाळेत, हेन्री गोडार्ड हे मानसशास्त्रज्ञ बसले होते. त्यांनी १९०८ मध्ये युरोपातून बुद्धी मोजायची बिने-सायमन टेस्ट आणली आणि इंग्लिशमध्ये उतरवली. बिनेंनी ती टेस्ट १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळेतली कुठली मुलं मागे पडतायत आणि त्यांना जास्तीची मदत लागेल हे ओळखायला केली होती, बास. गोडार्डनी तीच टेस्ट हातात घेऊन अख्ख्या समाजाची वर्गवारी करायला घेतली, आठ ते बारा वर्षांचं मानसिक वय असलेल्यांसाठी 'मोरॉन' हा शब्द त्यांनीच १९१० मध्ये घडवला, आणि तुरुंगातले पाव ते निम्मे लोक मतिमंद असतात म्हणून गुन्हा करतात असं ते सांगत सुटले. ह्या विचाराने किती नुकसान केलं ते सांगायला हा लेख पुरणार नाही, लोकांची जबरदस्तीने नसबंदी करण्यापर्यंत प्रकरण गेलं. १९१८ मध्ये हेच गोडार्ड ओहायो राज्याच्या बालगुन्हेगार तपासणी खात्याचे प्रमुख झाले. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या बऱ्याच मतांवर माघार घेतली हे खरं, पण तोपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं.

ह्या सगळ्यात मला जिचं काम सगळ्यात मोठं वाटतं ती बाई म्हणजे ऑगस्टा ब्रॉनर. जन्म १८८१, केंटकीतल्या लुईव्हिलची. आधी शाळेत शिक्षिका, मग कोलंबियाला थॉर्नडाइक ह्या मानसशास्त्रज्ञाकडे शिकली. १९१३ मध्ये हार्वर्डला हीलींचा उन्हाळी वर्ग होता तिथे ही बसली होती आणि हीलींनी तिला सरळ शिकागोला कामावर घेतलं. १९१४ ची तिची पीएचडी म्हणजे कोठडीत आणलेल्या मुली आणि गुन्ह्याशी संबंध नसलेल्या मुली ह्यांच्या बुद्धीची तुलना. गोडार्डचं म्हणणं खरं असतं तर फरक ढळढळीत दिसायला हवा होता, तसा तो दिसला नाही. बुद्धी कमी म्हणून पोरगी बिघडली हे समीकरण बसत नाही, असं एका विद्यार्थिनीने ऐन त्या लाटेत आकडे मांडून सांगितलं, आणि ह्यासाठी मला तिच्याबद्दल फार आदर आहे. लाट ओसरल्यावर असं बोलायला हिंमत लागत नाही.

तीन वर्षांनी तिने जे लिहिलं ते मला त्याहून जवळचं वाटतं. एखादं मूल सगळ्याच बाबतीत मागे नसतं, कुणाला फक्त वाचता येत नाही, कुणाचं फक्त गणित अडतं, पण शाळा त्याला 'ढ' म्हणून मोकळी होते, मग ते मूल शाळा चुकवतं, शाळा चुकवून रस्त्यावर फिरतं आणि तिथून कोर्टात येतं. हे १९१७ सालचं आहे. मी ज्या मुलांना टेस्ट दिल्या त्यातली कितीतरी आठवी-नववीपर्यंत 'पास' झालेली होती आणि त्यांना स्वतःच्या नावापलीकडे मराठी वाचता येत नव्हतं. वाचायला दिलं की आधी हसायची, मग 'ताई चष्मा लागलाय' म्हणायची, मग गप्प.

म्हणूनच हीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांवर न चालणाऱ्या टेस्ट बनवल्या ते मला महत्त्वाचं वाटतं. १९१४ ची हीलींची चित्र पूर्ण करायची टेस्ट घ्या. गावाकडचं एक मोठं चित्र, त्यात मुलं काहीतरी करतायत, आणि चित्रातून दहा चौकोन कापून काढलेले. बाजूला पन्नास तुकडे. सगळे सारख्याच मापाचे, म्हणजे कुठलाही तुकडा कुठेही बसतो, मापावरून काहीच कळत नाही, चित्रात काय चाललंय ते समजलं तरच बरोबर तुकडा उचलता येतो. ह्यात मुलाचा हात बघायचा असतो. कुणी पहिला हाताला येईल तो तुकडा कोंबतो. कुणी तुकडा उचलतो, थांबतो, मागे ठेवतो, दुसरा बघतो. कुणी चित्राकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो की बाई खूष झाल्या का. शेवटी मार्क एकच आकडा येतो, पण रिपोर्ट लिहिण्यासारखी गोष्ट हात आणि डोळे सांगून गेलेले असतात, आणि ती आकड्यात कुठेच नसते. मी स्वतः ठोकळ्यांच्या टेस्ट घेताना हेच बघायचे आणि खरं सांगायचं तर हे कॉलेजमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

१९१७ मध्ये हीली आणि ब्रॉनर दोघंही बॉस्टनला गेले. तिथल्या बालन्यायालयाचे पहिले न्यायाधीश हार्वी बेकर १९१५ मध्ये वारले, त्यांच्या नावाने जज बेकर फाउंडेशन निघालं होतं. तिथे जी पद्धत बसली तीच आज जगभर चाइल्ड गायडन्स म्हणून चालते. डॉक्टर शरीर तपासणार, मानसशास्त्रज्ञ टेस्ट घेणार, सोशल वर्कर घरी आणि शाळेत जाऊन येणार, मूल स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणार, आणि मग सगळे एका टेबलाशी बसून ठरवणार. मुलाची स्वतःची गोष्ट, हा त्यांचा आग्रह होता. ब्रॉनर पुढे त्या संस्थेच्या सहसंचालक झाल्या आणि हीलींची पहिली पत्नी गेल्यावर १९३२ मध्ये दोघांनी लग्न केलं. हे सांगायचं कारण एवढंच की बऱ्याच ठिकाणी ब्रॉनरचं नाव हीलींच्या मागे शेपटासारखं येतं, आणि टेस्टिंगचा भाग तर तिनेच उभा केलेला.

१९३४ मध्ये दणका बसला. हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लुएक ह्या नवराबायकोने बॉस्टन कोर्टातली एक हजार मुलं घेतली, ह्याच क्लिनिकने तपासलेली, आणि पाच वर्षांनी काय झालं ते शोधलं. ८८ टक्के मुलांनी परत गुन्हा केला होता. एवढी तपासणी, एवढे रिपोर्ट, आणि हे. पण त्यातच हेही निघालं की क्लिनिकने सुचवलं एक आणि मुलासोबत प्रत्यक्षात घडलं दुसरंच, सूचना कितीतरी केसेसमध्ये अर्धवट पाळल्या नाहीतर पाळल्याच नाहीत. रिपोर्ट फाईलला लागला आणि संपलं. हे वाचून आपल्याकडचं कुणी चमकणार नाही.

त्यावर हीली आणि ब्रॉनर ह्या दोघांनी जे केलं ते मला आवडतं. १९३६ मध्ये त्यांनी तीन शहरांतला अभ्यास छापला, गुन्ह्यात सापडलेलं मूल आणि त्याच घरातलं, त्याच आईबापाचं, न सापडलेलं भावंड, अशा १०५ जोड्या. घर तेच, गरिबी तीच, वस्ती तीच, मग एक बिघडला आणि दुसरा नाही हे कसं? उत्तर असं आलं की बिघडलेल्यांपैकी ९१ टक्के मुलं आतून फार दुखावलेली होती, आपण कुणालाच नको आहोत, आपल्यावर अन्याय होतोय, भावाचंच कौतुक होतं, अशा गोष्टींनी, आणि त्यांच्या भावंडांत हेच प्रमाण १३ टक्के होतं. आकडे आजच्या कसोटीवर तपासता येतील, पण घरी जाऊन भावंडाशी बोलल्याशिवाय हे कळणारच नव्हतं एवढं नक्की.

आता दुसरा धागा, कारण आजचा घोळ त्याच्यातून आलाय. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर सोळा वर्षांच्या एका मुलाची केस आली, केंट नावाने ओळखतात ती. बालन्यायालयाने त्याला सुनावणी न घेताच मोठ्यांच्या कोर्टात पाठवलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं असं चालणार नाही, आणि निकालासोबत अशी मुलं पाठवताना काय काय बघायचं त्याची एक यादी जोडली. त्यात मुलाची समज आणि परिपक्वता हा मुद्दा होता. हेतू चांगलाच होता, मुलाला संरक्षण द्यायचा. पण तिथून मानसशास्त्रज्ञासमोर नवा प्रश्न आला, 'हे मूल मोठं धरण्याइतकं मोठं आहे का'. 'असं का वागतंय' हा प्रश्न मागच्या बाकावर गेला. ब्रॉनर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारल्या.

आपल्याकडे हे सगळं कसं आलं? मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून होती, मुंबई प्रांताचा मुलांचा कायदा १९२४ चा. डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे तिथेच टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये एकशे एक दिवस काढले, म्हणजे भिंती तुरुंगाच्याच, आत फक्त मुलं आणली. मानसशास्त्राचा भाग आला तो १९३६ नंतर. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात काम करायचे, ते शिकलेले शिकागोला, त्यांनी टाटांच्या पैशातून समाजकार्याची शाळा काढली, आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आणि १९३७ मध्ये तिथे देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू झालं. ब्रॉनरचं ते टेबल असं नागपाड्यात पोचलं.

टेस्टचं काम तर त्याच्याही आधी आपल्या भाषेत झालेलं. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची टेस्ट मराठी आणि कानडी मुलांवर घासून-पुसून बसवली, १९३४ मध्ये ती छापून आली, आणि बिने-कामत म्हणून अजूनही वापरात आहे. नुसतं भाषांतर करून भागत नाही, बेळगाव-धारवाडकडचं मूल कुठल्या वयाला काय ओळखतं हे मुलांना विचारूनच बघावं लागतं, ते त्यांनी केलं. पुढे नागपूरला डॉ. आर्थर मॅलिननी १९६९ च्या सुमारास वेक्सलरची मुलांची बुद्धीची टेस्ट भारतीय मुलांसाठी बसवली. ही टेस्ट सहा ते पंधरा वर्षांसाठी आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम १५ आहे सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी. निर्घृण म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल तर मंडळाने बघायचं की मुलाची तो गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, आणि कुठल्या परिस्थितीत घडलं. मानसशास्त्रज्ञाची मदत 'घेता येईल' असं कायद्यात होतं. सुप्रीम कोर्टाने १३ जुलै २०२२ ला सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल तर ती घ्यावीच लागेल. निकाल योग्यच आहे. पण मदत म्हणजे काय? माझ्याकडे पत्र यायचं, 'सदर बालकाची मानसिक क्षमता तपासून अहवाल तातडीने सादर करावा'. म्हणजे आयक्यू काढून द्या. सोळाच्या पुढच्या मुलाला पंधरापर्यंतची टेस्ट चालत नाही हे फोन करून समजावावं लागायचं. आणि आयक्यू ९० आला म्हणून रात्री अकरा वाजता चार मोठ्या पोरांच्या दबावाखाली त्याला परिणाम कळत होते, हे कुठली टेस्ट सांगणार? गुन्ह्याला सहा महिने होऊन गेलेले, मूल आज माझ्यासमोर अंघोळ करून, केस विंचरून, शांत बसलेलं.

एका मुलाने ठोकळे संपवल्यावर मला विचारलं, 'ताई, पास झालो का?' तो जितका हुशार निघणार तितका त्याला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायला आधार मिळणार होता आणि तो जीव तोडून टेस्ट सोडवत होता. मी त्याला पाणी दिलं आणि परत पहिल्यापासून बसून सांगितलं की हे कशासाठी चाललंय, जे मी टेस्टच्या आधीच नीट सांगायला हवं होतं. त्यानंतर एकाही मुलाला हे सांगितल्याशिवाय मी टेस्टची पेटी उघडली नाही.

कायद्याने ह्या मूल्यांकनाला तीन महिने दिलेत, मूल पहिल्यांदा मंडळासमोर आल्यापासून. त्यात चार वेळा बसणं, प्रोबेशन ऑफिसरबरोबर एकदा घरी जाणं, शाळेचा दाखला बघणं, भावंडाशी बोलणं हे सगळं होऊ शकतं, पत्र पहिल्या पंधरा दिवसांत हातात पडलं तर. माझ्याकडे ती पत्रं बहुतेक अकराव्या नाहीतर बाराव्या आठवड्यात यायची.