ॲनाटॉमीचे प्राध्यापक व्हायचंय? पात्रता, अर्ज आणि तारखांचा हिशेब

दरवर्षी इंटर्नशिप संपत आली की दोन-तीन मुलं डिसेक्शन हॉलच्या, म्हणजे देहाचं विच्छेदन करून शिकवतात त्या हॉलच्या, दारात येऊन घुटमळतात. पहिल्या वर्षी याच हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चोळत उभी राहिलेली हीच मुलं. "मॅडम, मला शिकवायला आवडेल. पण घरचे म्हणतात, पेशंट नाही तो डॉक्टर कसला?" घरच्यांची समजूत तुम्ही घाला. अर्ज, पात्रता आणि कागद यांचं मी सांगते, कारण या वाटेवर हुशार मुलं अभ्यासात मागे पडलेली मी फार पाहिली नाहीत, कागदात अडकलेली मात्र बरीच पाहिली.

सोलापूरच्या मुलांना यासाठी लांब जायलाच हवं असं नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून इथे आहे, कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, म्हणजेच ॲनाटॉमी, शिकवावंच लागतं, म्हणजे शिक्षकही लागतातच.

मुख्य वाट एमबीबीएस, मग एमडी ॲनाटॉमी. त्यासाठी नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. निम्म्या शासकीय जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या निम्म्या आपल्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत. दोन्हीकडे नोंदणी वेगवेगळी करायची असते. एकीकडे फॉर्म भरला म्हणजे दुसरीकडेही झाला, असं समजून बसू नका. सुरुवातीच्या फेऱ्यांत मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग या जागा उडतात. ॲनाटॉमीच्या जागा पुष्कळदा शेवटच्या फेरीपर्यंत उरतात. २०२३ मध्ये तर जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला होता. म्हणून रँक कमी आला की निराश होऊन काउन्सेलिंग अर्धवट सोडू नका. पण एक कळकळीने सांगते, दुसरं काही मिळालं नाही म्हणून हा विषय घेऊ नका. तीन वर्षं त्याच टेबलाशी उभं राहायचं आहे आणि नंतर तीस वर्षं.

प्रवेशाच्या वेळी नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, अधिवास प्रमाणपत्र, आणि आरक्षणातून येत असाल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर एवढं लागतं. जात वैधता हा सगळ्यात वेळखाऊ कागद. तिचा अर्ज इंटर्नशिप सुरू असतानाच करून टाका. नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा, ती उलटली की जुना कागद चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवायचा. आडनाव बदललं नसेल, तर ते कुठल्याच कागदावर बदलू नका. आधारवर एक आणि पदवीवर एक, यातून पुढची सगळी वर्षं ताप होतो.

एमडीच्या पहिल्याच वर्षात प्रबंधाचा आराखडा संस्थेच्या नीतिशास्त्र समितीकडे जातो. त्या समितीचं मंजुरीपत्र हा तुमच्या संशोधनाचा पहिला कागद. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, स्कॅन ईमेलवर ठेवा. पुढे त्याच प्रबंधातून शोधनिबंध छापायला पाठवाल, तेव्हा नियतकालिक पहिल्यांदा मंजुरीचा क्रमांकच विचारतं. जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम, ज्याला सगळे बीसीबीआर म्हणतात, तोही पहिल्या वर्षातच उरकून घ्या. आयसीएमआरची चेन्नईची राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्था तो ऑनलाइन चालवते, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. प्रमाणपत्रावर नाव पदवीवर आहे तसंच यायला हवं. नोंदणी करताना टोपणनाव टाकलं की ते तसंच छापून येतं.

एमडी झाल्यावर लगेच सहायक प्राध्यापक होता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त महाविद्यालयात सीनिअर रेसिडेंट, म्हणजे एमडीनंतरचे वरिष्ठ निवासी डॉक्टर, म्हणून एक वर्ष लागतं. शासकीय महाविद्यालयातून एमडी केलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यायचीच असते. ती आपल्याच विषयात सीनिअर रेसिडेंट म्हणून मिळाली की दोन्ही कामं एकदम होतात. उशिरा परतणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट अशी की ॲनाटॉमीसारख्या विषयांत सीनिअर रेसिडेंटसाठी वयाची मर्यादा २०२५ च्या नियमांनी ५० वर्षांपर्यंत वाढवली आहे. मुलं वाढवून परत येणाऱ्या आमच्या मैत्रिणींना याचा मोठा आधार आहे.

या एका वर्षाचे कागद मी आजही वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. कारण सांगते. मी जिथे सीनिअर रेसिडेंट होते, तिथल्या रुजू अहवालावर १ ऑगस्ट होती. अनुभव प्रमाणपत्रावर ४ ऑगस्ट. टंकलेखनाची चूक, कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. कार्यमुक्ती आदेश पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैचा. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेले, तेव्हा छाननीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बोटावर मोजून दाखवलं, वर्षाला तीन दिवस कमी. त्या दिवशी मी मुलाखत न देता परत आले. मग दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन, जुनी आस्थापना नोंदवही काढायला लावून, दुरुस्त प्रमाणपत्र घेऊन आले. तोवर ती जाहिरात संपली होती.

म्हणून नेमणूक आदेश, रुजू अहवाल, अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती आदेश हे चार कागद एकमेकांशेजारी ठेवून तारखा वाचा. अनुभव प्रमाणपत्रावर विषयाचं नाव, पद, कधीपासून कधीपर्यंत, जावक क्रमांक, अधिष्ठात्यांची सही आणि गोल शिक्का हवा. "आजतागायत" असं लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊ नका. फॉर्म सोळा आणि पगाराच्या पावत्याही जपा, नोकरी खरंच केली याचा पुरावा त्या देतात.

शासकीय महाविद्यालयांतल्या कायम जागा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात. अर्ज ऑनलाइन असतो. शासकीय सेवेत असाल तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र सगळ्यांनाच द्यावं लागतं. कायम भरती होईपर्यंत महाविद्यालयं कंत्राटी नेमणुका करतात. त्या जाहिराती स्थानिक वृत्तपत्रांत आणि महाविद्यालयाच्या फलकावर येतात. मुलाखतीच्या दिवशी मूळ कागद आणि स्वयंसाक्षांकित प्रतींचे दोन संच न्यायचे. कंत्राटी नोकरीचाही अनुभव दाखला घ्यायला विसरू नका.

मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे क्रेडिट गुण लागतात. आपण दवाखाना चालवत नाही, म्हणून ॲनाटॉमीवालेच हे हमखास विसरतात. एमडीची अतिरिक्त अर्हता नोंदवायचीही राहून जाते, आणि ती नसली तर अर्ज तिथेच थांबतो.

एमबीबीएस न केलेल्यांसाठीही वाट आहे. एमएस्सी मेडिकल ॲनाटॉमी आणि पुढे त्याच विषयात पीएचडी. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेश घेण्याआधी पदवी वैद्यकीय महाविद्यालयाला चालते का, एवढं लेखी विचारून घ्या.

बढतीचं गणित संशोधनावर आहे. सहायक प्राध्यापक म्हणून चार वर्षं आणि दोन शोधनिबंध झाले की सहयोगी प्राध्यापक. तिथे तीन वर्षं आणि एकूण चार निबंध झाले की प्राध्यापक. वैद्यकीय शिक्षण तंत्रज्ञानाचं मूलभूत प्रशिक्षण आणि बीसीबीआर यांची प्रमाणपत्रंही मागतात. आता आमच्या विषयातली गोम. डिसेक्शन करताना एखाद्या देहात वेगळ्या जागेवरून निघालेली धमनी सापडते. आनंद होतो, फोटो काढतो, लिहून पाठवतो, छापूनही येतं. पण एका देहाचा असा एकल अहवाल बढतीसाठी धरत नाहीत. मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्र विश्लेषण), पद्धतशीर आढावा किंवा अनेक देहांची मालिका हवी, आणि तुमचं नाव पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून हवं. म्हणून पहिल्या देहापासून मोजमापांची वही ठेवा: तारीख, देहाचा विभागातला क्रमांक, डावी-उजवी बाजू, व्हर्नियर कॅलिपरने घेतलेलं माप. पाच वर्षांत पन्नास मूत्रपिंडांच्या धमन्या मोजल्या जातात आणि त्यातून खरा निबंध उभा राहतो. फक्त मोजायला सुरुवात करण्याआधी नीतिशास्त्र समितीची मंजुरी घेतलेली असू द्या. मागच्या तारखेने ती मिळत नाही.