हिरव्या लेझरची पॉवर पडली? करंट वाढवण्याआधी हे वाचा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतून पावसाळ्यात आम्हाला ठरलेला फोन येतो : "हिरवा मंद मारतोय, करंट वाढवू का?" वाढवू नका.

तुमच्या मशीनचा मूळ लेझर हिरवा नसतोच. तो १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. अॅम्प्लिफायर त्याला जोर देतो आणि तो एलबीओच्या (लिथियम ट्रायबोरेटच्या) छोट्याशा क्रिस्टलमध्ये शिरतो. तिथे दोन फोटॉन मिळून दुप्पट ऊर्जेचा एक होतो : ५३२ नॅनोमीटर, हिरवा. तांबं इन्फ्रारेड बहुतेक परत फेकतं, हिरवा मात्र बराच पचवतं. म्हणून ही खटपट.

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी हा प्रकार पहिल्यांदा दाखवला, तेव्हा नवा प्रकाश इतका अंधुक होता की छापताना फोटोतला तो ठिपका डाग समजून पुसला गेला. छापील पानावर बाण आहे, ठिपका नाही!

इथे हिशेब वर्गाचा (स्क्वेअरचा) चालतो. इन्फ्रारेड १० टक्के घटला, तर हिरवा साधारण १९ टक्के घटतो. पण खरी गोम तापमानात आहे. नाथषष्ठीला पैठणला निघालेली दिंडी आठवा. पुढच्यांचा आणि मागच्यांचा ताल जुळला तर आवाज भरतो, चुकला तर एकमेकांना मारतो. क्रिस्टलच्या तोंडाशी तयार झालेला हिरवा आणि शेवटाला तयार झालेला हिरवा असाच तालात हवा. त्यासाठी क्रिस्टलमध्ये इन्फ्रारेड आणि हिरवा, दोन्हींचा वेग सारखा लागतो, आणि एलबीओत तो साधारण १४९ अंश सेल्सिअसला जुळतो. (तुमच्या मशीनच्या पाटीवर वेगळा आकडा असेल, तर तोच धरा.) दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की पॉवर पडलीच.

लाइट गेली की ओव्हन, म्हणजे क्रिस्टलला गरम ठेवणारी डबी, गार होतो. परत आल्यावर तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. तेवढ्यात करंट वाढवलात, तर क्रिस्टल तालावर येताच जादा पॉवर त्याच्याच कोटिंगवर बसते. ते जळालं की दुरुस्ती नाही, नवं क्रिस्टलच.

रात्री मशीन बंद करा, ओव्हन नको. त्याची लाइन यूपीएसवर घ्या. एलबीओ ओल धरतं, शिवाय एकदम गार-गरम झालं तर तडकतं. क्रिस्टलची काच स्वतः पुसायला जाऊ नका, रुमालाने तर मुळीच नाही.

आणि गॉगल ५३२ व १०६४ दोन्हींचा हवा. उरलेला इन्फ्रारेड हिरव्यासोबत असू शकतो, आणि तो दिसत नाही.