आठवण जागी होते तेव्हा ती कच्चीही होते

उंदराला एक ठरावीक आवाज ऐकवायचा आणि पाठोपाठ पायाला विजेचा झटका द्यायचा. एवढ्यावरून तो शिकतो. दुसऱ्या दिवशी नुसता आवाज आला तरी जागच्या जागी थिजतो. ही भीती मेंदूतल्या अमिग्डाला या बदामासारख्या दिसणाऱ्या भागात रुजते. आठवण पक्की व्हायला पेशींना नवी प्रथिने बनवावी लागतात. पण एकदा ती पक्की झाली की कायमची, असाच बहुतेकांचा समज होता. याला छेद देणारे प्रयोग १९६८ मध्येच झाले होते, पण ते मागे पडले.

२००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात जोसेफ लेदू यांच्या प्रयोगशाळेत करीम नाडेर यांनी घाबरलेल्या उंदरांना तोच आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकून ते उंदीर पूर्वीइतके थिजले नाहीत. मला महत्त्वाची वाटते ती पुढची पडताळणी. आवाज न ऐकवता औषध दिले, तेव्हा भीती तशीच राहिली. आवाजानंतर सहा तासांनी दिले, तरीही तशीच. म्हणजे आठवण जागी झाली की ती काही तास कच्ची असते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते.

माणसांवरचा प्रयोग २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी केला. कोळ्याच्या चित्राबरोबर झटका बसतो, हे स्वयंसेवकांना शिकवले गेले. दुसऱ्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे औषध देऊन ती आठवण जागी केली. त्यानंतर चित्र पाहून दचकणे, म्हणजे चित्र समोर असताना मोठ्या आवाजाला पापणी एरवीपेक्षा जोरात मिटणे, जवळपास थांबले. तरीही चित्रानंतर झटका येतो, हे त्यांना नीट आठवत होते. माहिती राहिली, धडकी गेली!

आघातानंतरच्या मानसिक त्रासाने पिचलेल्यांसाठी याहून आशादायक काय असेल? पण घाई नको, आणि हे औषध स्वतःहून तर मुळीच घेऊ नये. दमेकऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. काही प्रयोगशाळांत हे निष्कर्ष पुन्हा मिळालेले नाहीत. शिवाय नुसते आठवून भागत नाही. आठवताना अपेक्षेपेक्षा काहीतरी वेगळे घडले तरच आठवण कच्ची होते, असे नंतरच्या प्रयोगांतून दिसते. जो माणूस तोच भयंकर प्रसंग वर्षानुवर्षे मनात जगतो आहे, त्याला त्या क्षणी अनपेक्षित असे नेमके काय द्यायचे, यावर आता उपचारांचे बरेचसे यश अवलंबून आहे.