स्टेनलेसचा सायलेन्सर बसवलात, आता गंजाचं काय?

नमस्कार मंडळी. नवीन सायलेन्सर बसवला की हा कागद आम्ही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून देतो, कारण दर पावसाळा संपला की कोणीतरी येऊन म्हणतंच, भाऊ तुम्ही स्टेनलेस म्हणून दिलं आणि याला तर तांबेरा आलाय. बरं येणारा खोटं बोलत नसतो आणि आम्हीही फसवलेलं नसतं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

स्टेनलेस म्हणजे काही केलं तरी गंजणार नाही असं नसतं. लोखंडात कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर क्रोमियम ऑक्साइडची एकदम पातळ, डोळ्याला न दिसणारी साय धरते, तीच आतल्या लोखंडाला वाचवते. ओरखडा पडला तरी साय परत आपोआप धरते, फक्त जागा स्वच्छ पाहिजे आणि तिला हवा लागली पाहिजे. चिखलाचा थर बसला, क्लॅम्पखाली ओली माती अडकली, की तिथे हवा पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. घरातलंच बघा ना, लोणचं कोणी स्टीलच्या डब्यात मुरवत नाही, चिनी मातीची बरणीच लागते, कारण मीठ आणि आंबट मिळून स्टीलला बारीक खड्डे पाडतात. सायलेन्सरचंही तसंच, फक्त तो वर गरम होतो.

आता ग्रेड. बाजारात सगळ्यालाच एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील म्हणतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आम्ही पाईप आणि बॉडी याचीच करतो. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल जवळपास नाहीच, कंपनीच्या बऱ्याच सायलेन्सरमध्ये ४०९ किंवा अॅल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा असतो. ४०९ वरून तपकिरी पडतो पण म्हणून तो लगेच सडत नाही, दिसायला वाईट दिसतो एवढंच. खरी गंमत २०० सिरीजची आहे, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, नवीन असताना ३०४ सारखंच चकाकतं आणि भाव पाहून गिऱ्हाईक खूश होतं, पण गंजापुढे ते ३०४ एवढं टिकत नाही.

काही जण खिशात चुंबक घेऊन येतात. दादा, चुंबकाने हे कळत नाही. ३०४ ला चुंबक लागत नाही पण २०० सिरीजलाही लागत नाही, आणि ४०९ अस्सल स्टेनलेस असून त्याला कडकडून लागतो. वर ३०४ चा पाईप वाकवला की बेंडच्या जागी थोडा लागायला लागतो. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून मागा, आमच्याकडूनही मागा.

सायलेन्सर आतून का सडतो

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणाला पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की धुराबरोबर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि पाईप गरम असले तर ते वाफ होऊन मागून निघून जातं. पण गाडी इथे नाशकात सिडकोतून सातपूरला ऑफिसला गेली, संध्याकाळी परत आली, मध्ये मुलीला क्लासला सोडलं, एवढ्याने मागचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, कारण तो इंजिनपासून सगळ्यात लांब. आतला पत्रा पन्नासेक अंशांच्या खाली असला की वाफेचं पाणी होतं आणि तळाशी साचतं, त्यात धुरातले आम्लाचे अंश उतरतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधक १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आधी बीएस-४ मध्ये ५० होतं, त्यामुळे हे पाणी पूर्वीपेक्षा सौम्य झालंय, पण पाणी ते पाणीच. नाशिकच्या थंडीत सकाळी सकाळी मागून टपटप पाणी पडतं आणि लोक घाबरून फोन करतात. ते पाणी बाहेर पडतंय हे चांगलंय हो, आत राहिलं तर वाईट.

म्हणूनच सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी आम्ही तीनेक मिलिमीटरचं भोक ठेवतो. ते लीकेज नाही. एक काका दोन वर्षांनी आले तेव्हा त्या भोकात एम-सील भरलेलं होतं, कुठल्या तरी गॅरेजवाल्याने हौसेने बंद करून दिलं होतं, आणि आतली काचेची लोकर भिजून लगदा झाली होती. उलट महिन्यातून एकदा बारीक तार घालून ते भोक मोकळं आहे ना बघा. स्ट्रेट-थ्रू सायलेन्सरमध्ये भोकाभोकांच्या पाईपभोवती ही लोकर भरलेली असते, ती आवाज गिळते, भिजली की गिळत नाही आणि पत्र्याला कायम ओलं धरून बसते. तुमचं फिरणं शहरातच असेल तर आठवड्यातून एकदा गाडी कसारा घाटापर्यंत नाहीतर त्र्यंबकला नेऊन आणा, अर्धा-पाऊण तास सलग चालली की आतलं पाणी उडून जातं. घरच्यांना सांगा सायलेन्सरसाठी जावं लागतंय.

रंग बदलणं आणि गंजणं यात फरक आहे. पाईप आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळा होतो, ते तापल्याने ऑक्साइडचा थर जाड होतो म्हणून, तो गंज नाही आणि त्याची वॉरंटी मागू नका. बोट फिरवल्यावर बोटाला लाल पूड लागली तर तो गंज. मात्र वेल्डच्या कडेचा काळपट-निळा पट्टा आम्ही मुद्दाम साफ करून देतो, कारण तिथल्या थराखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज पहिला तिथेच धरतो. ३०४ ला आम्ही आर्गन वेल्डिंगच करतो, ३०८एल ची फिलर वायर (जोडात वितळवून भरायची तार) वापरून, आणि पाईपच्या आतूनही आर्गन सोडतो, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखे खडबडीत दाणे येतात. एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या (माइल्ड स्टील) जुन्या पाईपला एसएस जोडायचं असेल तर ३०९एल. बाहेर कुठे दुरुस्तीला टाकलीत तर हे विचारा, आणि एमएस घासलेलं ग्राइंडरचं चाक तुमच्या सायलेन्सरवर चालवू देऊ नका. त्या चाकातले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि चार दिवसात लाल ठिपके, मग नाव आमचं खराब.

तारेची घासणी पण नको, तेच होतं. घासायचंच असेल तर स्टेनलेसचा ब्रश घ्या. बाथरूमचं अॅसिड आणि ब्लिचिंग अजिबात नको, दोन्हीतलं क्लोराईड, जे मिठातही असतं, ते स्टेनलेसचं वैरी आहे. साबणाचं पाणी, मऊ कापड, नंतर साधं पाणी, आणि हे सगळं सायलेन्सर गार झाल्यावर. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर पुसून घ्या, पांढरे डाग राहतात. दिवेआगर, गणपतीपुळे करून आलात तर दुसऱ्याच दिवशी खालून धुवून घ्या, पुढच्या रविवारची वाट पाहू नका. आमच्याकडे पिंपळगाव-दिंडोरीकडचे बरेच शेतकरी येतात, त्यांना खास सांगणं, गाडीत म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी फुटली किंवा सांडली तर ते म्हणजे पोटॅशियम क्लोराईड आहे, मिठाचाच भाऊ. झाडून काढा आणि खालून भरपूर पाणी मारा.

पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग करून घेता ते चांगलंच, पण सायलेन्सर आणि पाईप झाकून मग मारायला सांगा, गरम पाईपवर ते डांबर जळतं, वास मारतं, धूरही होतो. ऑइल लावूनही उपयोग नाही, जळून जातं. नट-बोल्ट आणि सायलेन्सर टांगायचे हँगर शक्यतो एसएसचेच घ्या, एमएसचा बोल्ट एसएसला लागून असला की बोल्ट लवकर गंजतो आणि त्याचं लाल पाणी सायलेन्सरवर ओघळतं. एसएसचा बोल्ट एसएसच्याच नटात जाम होतो, म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावून मगच आवळतो. रबर हँगरला चिरा पडल्या असतील तर बदला, सायलेन्सर लोंबकळला की वेल्डवर ताण येतो.

गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला आणि तुमची गाडी गोदाघाटावर होती, तर मागच्या पाईपात पाणी गेलंय असं समजून चावीला हात लावू नका, टो करून आणा.

आवाजाबद्दल एवढंच, फटाके वाजणारा सायलेन्सर आम्ही बनवत नाही आणि कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून पाईप टाकून देत नाही, कितीही पैसे द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाज-प्रदूषणाला पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसन्सही तीन महिने जातं. शिवाय कॅटकॉन नसेल तर पीयूसीला अडकाल आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटेल तो वेगळाच.

वेल्ड उघडलं तर कधीही या, पैसे घेत नाही. फक्त गाडी घाटातून थेट आणू नका, तापलेल्या सायलेन्सरला आम्हालाही हात लावता येत नाही. सकाळी लवकर आणलीत तर गार असते, अर्ध्या तासात बघून होतं. शनिवारी बंद असतं.