कॉफी, उपकरणांविना

यंत्र, फिल्टर किंवा प्रेस हाताशी नसताना भाजून दळलेल्या कॉफीचा अर्क काढण्याच्या पद्धती. विरघळणारी इन्स्टंट कॉफी यात धरत नाहीत. अर्क उतरायला पूड आणि गरम पाणी चार-पाच मिनिटे एकत्र राहिले की पुरते. खरी अडचण चोथा वेगळा करण्याची. सगळे कसब त्या निवळण्या-गाळण्यात आहे.

भरवशाची रीत पातेल्याची. पाण्याला खळखळून उकळी आली की आच बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि लिटरला साधारण ६० ग्रॅम या हिशेबाने भरड पूड घालून एकदा ढवळावे. पूड लगेच वर येऊन जाड थर धरते, कारण भाजलेल्या बियांत साठलेला कार्बन डायऑक्साइड तिला उचलून धरतो. चार मिनिटांनी चमच्याने तो थर मोडला की वायू निसटतो, बहुतेक पूड तळाशी बसू लागते. वरचा फेस काढावा, पातेले आणखी काही मिनिटे अजिबात हलवू नये, मग अलगद ओतावे आणि तळचे दोन घोट सोडून द्यावेत. पूड घातल्यावर उकळत ठेवली की मात्र कॉफीत कडवटपणा येतो. व्यावसायिक परीक्षक कॉफीचा दर्जा जोखतात तेही असेच: १५० मिलिलिटर पाण्याला सुमारे सव्वाआठ ग्रॅम पूड, गाळणी नाहीच. तेव्हा या पद्धतीला नाइलाजाची कॉफी म्हणणे अन्यायाचे आहे.

उत्तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये अशी किटलीतली कॉफी रोजची आहे. तिच्यासाठी जाडसर दळलेली पूड दुकानांत वेगळी मिळते. नॉर्वेत पूर्वी गाळ बसवायला माशाची वाळवलेली कातडी टाकत. अमेरिकेत मिनेसोटाकडे स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या चर्चमध्ये पुडीत कच्चे अंडे कालवून ते उकळत्या पाण्यात सोडतात. अंड्यातली प्रथिने गोठताना बारीक कण धरून ठेवतात. वरून गार पाणी ओतले की गोळा खाली जातो आणि स्वच्छ, सौम्य कॉफी उरते.

गाळण्यासाठी कापड उत्तम. कोस्टारिका, मलेशिया, सिंगापूर इथे कापडी पिशवीतून कॉफी गाळण्याची रीत जुनी आहे. घरात धुवट मलमलचे फडके आधी साध्या पाण्यात उकळून घ्यावे, नाहीतर साबणाचा वास कॉफीला लागतो. मराठी घरांतली जायफळ-वेलचीची कॉफीही पातेल्यातच होते. मात्र चहाच्या गाळण्यातून बारीक पूड निसटते, आणि चिकोरी मिसळलेली पूड फडक्यात तुंबते, म्हणून ती थोडी-थोडी ओतावी. आजचा कागदी फिल्टरही अशाच खटपटीतून आला. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद बसवला आणि त्याच वर्षी त्याची नोंदणी केली.

कागदाचा एक फायदा चवीपलीकडचा आहे. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य राहते आणि ते रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते. कागदात ते बहुतांशी अडकते. ज्यांना कोलेस्टेरॉलचा त्रास आहे त्यांनी पातेल्यातली कॉफी रोज पिऊ नये.

चूलच नसेल तर भरड पूड गार पाण्यात घालून १२ ते १६ तास झाकून ठेवतात आणि फडक्यातून गाळतात.