रवाकाम

सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच बारीक गोल रवे ओळीने किंवा दाटीने बसवून नक्षी उठवण्याची सुवर्णकामातील पद्धत. खानदेशात, विशेषतः जळगावच्या सराफी पेढ्यांत, कर्णफुले व मंगळसूत्राच्या वाट्या यांच्या कडांवर ती नेहमी दिसते. तारेचे सारखे तुकडे कोळशाच्या भुकटीत सुटे रचून तापवले की वितळताना ते पृष्ठताणामुळे गोल होतात व त्यांचे रवे तयार होतात.

या पद्धतीचे जुने नमुने मेसोपोटेमियातील (आजचा इराक) उर येथील राजथडग्यांत (इ. स. पू. सुमारे २५००) मिळाले. इ. स. पू. सातव्या शतकात इटलीतील इट्रुस्कन सोनारांनी तिला कळस चढवला. त्यांचे काही रवे ०·२ मिमी.पेक्षाही लहान आहेत. ही कला त्यांच्याकडे पूर्वेकडून, बहुधा फिनिशियन व्यापाऱ्यांमार्फत आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतीय उपखंडात तक्षशिलेच्या (आता पाकिस्तानात) सिरकप भागातील दागिन्यांत ती आढळते.

खरा वाद रवे जोडण्याच्या रीतीविषयी आहे. रोमचे सोनार फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी (१७९४–१८६५) यांनी १८३६ मध्ये इटलीतील चेर्वेतेरी येथे उघडल्या गेलेल्या इट्रुस्कन थडग्यातील दागिन्यांपासून प्रेरणा घेऊन पुढील कारकीर्द प्राचीन पद्धतींच्या शोधात घालवली. त्यासाठी त्यांनी सांत आंजेलो इन वादो या गावचे पारंपरिक कारागीर रोमला आणले. तरीही त्यांच्या कामात डाख (सांधा जोडण्यासाठीची, लवकर वितळणारी मिश्रधातू) वापरावी लागे व प्राचीन कामाचा नेमका सुटसुटीतपणा साधत नसे. १९३० नंतरच्या दशकात लिटलडेल या इंग्रज संशोधकाने दिलेला उलगडा आज सर्वाधिक स्वीकारार्ह मानला जातो. त्याच्या रीतीत तांब्याचा क्षार सरसात (चिकट डिंकासारख्या पदार्थात) कालवून रवे चिकटवतात. तापवल्यावर सरस जळून कार्बन उरतो, तो तांब्याच्या ऑक्साइडातून तांबे मोकळे करतो आणि ते सोन्यात मिसळून रव्याच्या बुडाशी मिश्रधातूचा सूक्ष्म सांधा तयार होतो. शुद्ध सोने १०६४° से.ला वितळते, सोने-तांब्याची विशिष्ट प्रमाणातील मिश्रधातू मात्र सुमारे ९१०° से.ला, त्यामुळे सांधा जुळतो आणि रवा शाबूत राहतो. रोमन लेखक प्लिनीने सोने जोडण्यासाठी तांब्याच्या हिरव्या क्षाराचा उल्लेख केला आहे, तोही याच्याशी जुळतो.

आपल्याकडील सोनार रवे चिकटवण्यासाठी गुंज पाण्यात उगाळून घेतात. जळल्यावर तिचाही कार्बनच उरतो; परंतु सोबत टांकणखार (बोरॅक्स) व डाखेचा कीस वापरला जात असल्याने ही पद्धत लिटलडेलच्या रीतीहून वेगळी मानणे योग्य. डाख जास्त झाल्यास ती रव्यांच्या फटींत पसरते. चांगल्या कामात भिंगाखाली प्रत्येक रवा बुडापर्यंत सुटा दिसतो.