‘बीएके-फ्री’ ड्रॉप्स आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ ड्रॉप्स, दोन्ही एकच समजू नका

काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असलेल्या घरांत हा घोळ हमखास होतो. बाटलीवर बीएके-फ्री दिसलं की लोक धरून चालतात, चला, आता यात प्रिझर्व्हेटिव्हच नाही. तसं नसतं.

बीएके म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, ड्रॉप्समधलं एक प्रिझर्व्हेटिव्ह. उघडलेली बाटली महिनाभर वापरायची, आत जंतू वाढू नयेत म्हणून हे घालतात आणि ते काम चोख करतं, पण जात साबणाची, त्यामुळे जंतूंचं आवरण फोडता फोडता अश्रूंवरचा तेलाचा थरही मोडतं आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींनाही त्रास देतं. आठवडाभराच्या ड्रॉप्सने सहसा काही बिघडत नाही. काचबिंदूत मात्र औषध वर्षानुवर्षं, त्यात कुणाला दोन-तीन बाटल्या, मग डोळे चुरचुरणं, खुपणं, कोरडे पडणं सुरू होतं.

तर बीएके-फ्री म्हणजे बीएके काढलं आणि त्याजागी दुसरं, सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह टाकलं. ट्रॅव्हॅटन झेडमधे सोफझिया असतं, अल्फागन पी मधे प्युराइट. बऱ्याच जणांना एवढ्यानेही बरं वाटतं.

प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री म्हणजे खरंच काही नाही. टॅफ्लुप्रॉस्ट असं छोट्या वायलमधे मिळतं, एकदा उघडली, ड्रॉप घातला की फेकायची. उरलंय ना थोडं म्हणून रात्रीसाठी जपून ठेवायची आपली सवय इथे महागात पडेल, कारण जंतू रोखायला आत काहीच नाही. शिवाय संधिवाताच्या बोटांना ती इवलीशी वायल दाबणं जमत नाही हा त्रास वेगळाच, अशांसाठी खास व्हॉल्व्हच्या प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री बाटल्या निघाल्यात पण सगळी औषधं त्यात मिळत नाहीत.

आणि बाटलीवरच्या औषधाच्या टक्क्यांवरून बीएकेचा अंदाज तर बांधूच नका! लुमिगन या काचबिंदूच्याच ड्रॉप्सच्या 0.03% मधे बीएके 0.005% आणि औषध कमी केलेल्या 0.01% मधे बीएके 0.02%, म्हणजे चौपट.

डोळे लाल झाले की दोष दरवेळी प्रिझर्व्हेटिव्हचाच असंही नाही, लॅटानोप्रॉस्टसारखं औषध स्वतःच डोळे लाल करतं, मग बाटली बदलून लाली जाईलच असं नाही. म्हणून आपल्या मनाने ड्रॉप्स बंद करू नका, डोळ्यातलं प्रेशर वाढून गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनाच विचारा. जाताना बाटली सोबत न्या, लेबलवर बारीक अक्षरात ‘अ‍ॅज प्रिझर्व्हेटिव्ह’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या आधी कुठलं नाव आहे ते वाचा.